तेलाचा थर

समिती चार वाजता बसणार होती. संशोधिकेला आणखी दोन वर्षं ठेवायचं की नारळ द्यायचा, एवढाच विषय होता; आणि विभागप्रमुखांनी नारळ सोलूनच ठेवला होता.

तिचा गुन्हा असा, की तिचे उंदीर प्रमुखांचं ऐकत नव्हते. उंदरांना सोड्याचं पाणी पाजलं की रक्तातला आम्ल-आम्लारी तोल सांभाळण्यासाठी मूत्रपिंड जादा आम्लारी बाहेर टाकतं. प्रमुखांच्या सिद्धान्तानुसार मूत्रपिंडाच्या पेशींतलं एक विशिष्ट प्रथिन ही आम्लारी आवरून धरत असे. म्हणून ते प्रथिन नसलेल्या उंदरांचं मूत्र अधिक आम्लारिधर्मी निघायला हवं होतं. प्रमुखांचा सख्खा भाचा मोजी, तेव्हा ते आज्ञाधारकपणे तसं निघे. संशोधिका मोजी, तेव्हा दोन्ही गट सारखेच. विद्येच्या ज्या मंदिरात पुराव्याचं वजन नात्यागोत्यावरून ठरतं, तिथे याचा अर्थ एकच: बाईंचा हात कच्चा.

निकालाआधीच तिचं टेबल दुसऱ्याला देऊन टाकण्याची तत्परता कार्यालयाने दाखवली होती. त्यामुळे त्या दिवशी ती भाच्याच्या खोलीत बसली, आणि त्याचं काम तिने प्रथमच जवळून पाहिलं. निरोगी उंदरांचे नमुने त्याने घेतल्या घेतल्या मोजले. मग प्रथिन नसलेल्या गटाच्या नळ्या भरून स्टँडवर उभ्या केल्या, घड्याळ पाहिलं आणि हात धुतले.

"या मोजायच्या नाहीत?"

"जेवून आल्यावर. ताई, मामींचा डबा एकला येतो. गार झाला की मामा भडकतात."

"आणि तेल?"

"मामी कमीच घालतात."

"अरे, नळीत! वर तेलाचा थर नसला की मूत्रातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पीएच आपोआप चढतो, मूत्र आहे त्याहून आम्लारिधर्मी दिसतं."

"तासाभरात असं काय होणार आहे? तीन वर्षं रोज असंच ठेवतोय मी."

तीन वर्षं! चार परिषदा, दोन पारितोषिकं आणि प्रमुखांचं कोरीव अक्षरांतलं मानपत्र नळ्यांच्या त्या एका तासाच्या वामकुक्षीवर उभं होतं.

प्रमुखांना युक्तिवादाने पटवून पाहण्याचा प्रयोग तिने पूर्वी तीनदा केला होता. निष्कर्ष तिन्ही वेळा नकारात्मक. या वेळी तिने पद्धत बदलली. जेवायला बसण्याआधीच तिने त्यांना गाठलं.

"सर, माणसाचा एक निरोगी नमुना जोडला तर समितीवर छाप पडेल. आपल्यापेक्षा निरोगी मूत्रपिंड मी कुठून आणू?"

पित्तापायी सकाळ-दुपार सोडा पिणारे प्रमुख लाजले. "अगं, एवढंच ना? आण ती बाटली."

तिने तो नमुना दोन नळ्यांत वाटला. एकीवर तेल ओतलं. दुसरी उघडीच भाच्याच्या स्टँडवर ठेवली. मामा-भाचे तृप्त होऊन परतले, तेव्हा तिने दोन्ही मोजल्या.

चार वाजता तिने फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले: ७.१ आणि ७.८.

"ओळखा पाहू, सर. निरोगी कोण आणि प्रथिन नसलेला कोण?"

"पहिला निरोगी," प्रमुख समितीकडे वळून सौम्यपणे हसले. "दुसऱ्यात प्रथिनाचा पत्ता नाही. माझ्या भाच्याच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतंय. बाईंना उशिरा का होईना, मोजता आलं."

"दोन्ही आपलेच, सर. पहिला तेलाखाली होता. दुसरा आपण जेवत होता तेवढा वेळ उघडा होता."

अध्यक्षबाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या आणि कुणाचीच भीड ठेवण्याच्या वयापलीकडे गेल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे आमटीचा शेवटचा घोट घेता घेता यांचं प्रथिनच गळून पडलं म्हणायचं! काय हो भाचेसाहेब, तुम्ही तो दुसरा गट कधी मोजता?"

"जेवण झाल्यावर," भाचा म्हणाला. मामांनी टेबलाखालून पाय मारला तेव्हा उशीर झाला होता.

नेमणूक पुढे चालू राहिली. मानपत्र मात्र अजून भिंतीवर आहे. भिंतींना पुरावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा तेलाची बाटली घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"ताई, किती घालू?"

"नमुना पूर्ण झाकेल एवढं. आणि लगेच मोज."

"मोजतो की. मामींना सांगून आलोय, उद्यापासून डबा दोनला."