लिफ्टमनचा दुसरा टप्पा

जुना व्हिडिओ गेम टिकला की नाही, हे ठरवताना त्या संग्रहालयात कुणाचं मत विचारत नसत. मत विचारलं की माणूस लगेच आपल्या लहानपणात शिरतो, गळा दाटून आणतो, आणि ज्या खेळाला आज कुत्रं विचारणार नाही त्याला अजरामर ठरवून मोकळा होतो. म्हणून तिथल्या प्रमुख बाईंनी एक रीत घालून दिली होती. ज्यानं तो खेळ जन्मात पाहिलेला नाही असा माणूस रस्त्यावरून गाठायचा आणि आत आणून मशीनपुढे बसवायचा. कसं खेळायचं ते सांगायचं नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोलत खेळा, एवढीच विनंती करायची. तो थांबला की एकच प्रश्न विचारायचा, ‘घोडं कुठं अडलं?’ उत्तर ऐकून घ्यायचं, ‘आलेच हं’ म्हणून बाहेर पडायचं आणि दाराच्या काचेतून बघत राहायचं. कुणी न सांगता त्यानं दुसरा डाव सुरू केला तर खेळ टिकला. मोबाइल काढून बसला तर खेळ संपला.

टिकलेल्या खेळाला मोठ्या दालनात टेबल-खुर्ची मिळे आणि येणाराजाणारा तो खेळू शके. न टिकलेला काचेच्या कपाटात जाई. कपाटातल्या वस्तूंपुढे लोक कसे उभे राहतात ते बाईंनी पुष्कळदा पाहिलं होतं. पाटी अर्धी वाचतात, मान डोलावतात आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतात.

संग्रहालयात त्यांना ‘मॅडम’ म्हणत. घरी मात्र ती भिंगरी. लहानपणी एका जागी बूड टेकत नसे म्हणून वडिलांनी ठेवलेलं नाव ती पन्नाशीला आली तरी त्यांच्या तोंडून सुटलं नव्हतं, आणि गोष्ट त्यांच्यापायीच घडली असल्यामुळे आपणही तिला भिंगरीच म्हणू.

तर आज भिंगरीची पंचाईत अशी होती की दालनात शेवटची एक खुर्ची उरली होती, नव्यानं मांडलेलं दालन उद्या उघडायचं होतं, आणि तपासायच्या खोलीत मशीनवर लागलेला खेळ तिच्या बाबांनी केलेला होता.

बाबा वीज कंपनीत मीटर तपासायचे. चाळीसएक वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून घरी संगणक आणला आणि एकट्यानं ‘लिफ्टमन’ नावाचा खेळ रचला. एक उंच इमारत, एक लिफ्ट, मजल्यामजल्यावर खोळंबलेली माणसं. लिफ्टमननं त्यांना वेळेत तळमजल्यावर आणून सोडायचं. उशीर झाला की माणसं चिडून लाल होत आणि जिन्यानं निघून जात. एका कंपनीनं तो खेळ घेतला, कॅसेटी काढल्या, आणि थोड्याच दिवसांत दुकानदारांनी त्या पोत्यात भरून परत पाठवल्या. कंपनीनं हात वर केले. बाबांनी संगणकावर जुनी चादर टाकली, आणि पुन्हा म्हणून दुसरा खेळ केला नाही.

भिंगरीला त्या खेळाचा राग होता. उगाच मोठेपणा कशाला, होताच. ती आठ वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडून तिचा उजवा हात मोडला. शाळा बंद झाली. आई त्या वर्षी दुसऱ्या गावी नोकरीला होती, सुटी मिळेल तशी यायची. अशा दिवसांत बापानं लेकीला काही गोष्टबिष्ट सांगावी की नाही? बाबा रजा टाकून घरी राहिले खरे, पण त्यांनी तिला संगणकापुढे बसवलं आणि आपण शेजारी पेन्सिल घेऊन बसले. बोलणं असं नाहीच. मधूनमधून तेवढं, ‘घोडं कुठं अडलं?’ आपण प्लास्टरमध्ये, आई परगावी, आणि बाबांचं सगळं लक्ष त्या मेल्या लिफ्टकडे, अशी ती आठवण तिच्या मनात पक्की बसली होती. गंमत म्हणजे पुढे ती याच धंद्यात आली आणि त्यांचाच प्रश्न तिनं संग्रहालयाची रीत म्हणून लावला. उसना कुठून घेतला ते मात्र कुणाला सांगितलं नाही.

बाबांनी गेल्या महिन्यात स्वतः होऊन विषय काढला होता. आयुष्यात कधी काही मागितलं नाही त्या माणसानं. ‘‘खुर्ची मिळेल का गं माझ्या लिफ्टमनला? माणसांनी हात लावलेला बघितला असता एकदा.’’

‘‘रीत आहे, बाबा,’’ ती म्हणाली होती.

‘‘मग रीतीनंच बघ,’’ बाबा म्हणाले होते.

संग्रहालयातला मशीनदुरुस्तीवाला मोकळ्या स्वभावाचा होता. बाबांचा संगणक त्यानंच पुन्हा जिवंत केला होता. सकाळी तार जोडता जोडता तो म्हणाला, ‘‘मॅडम, एक खुर्ची आहे, एक खेळ आहे. लावून टाका की. तुम्हाला कोण विचारणार?’’

‘‘मी,’’ भिंगरी म्हणाली. त्यानं पुढची तार हातात घेतली.

पहिल्या आल्या त्या समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांना बोलत खेळा म्हणून सांगावंच लागलं नाही. ‘‘सगळी बटणं डावीकडे का कोंबलीत? उजव्या हातानं मी काय वारा घालू?’’ थोड्या वेळानं हात बसला, पहिला टप्पा पार पडला, बाई खूश झाल्या. आणि दुसरा टप्पा लागला तशी लिफ्ट चळली. दारं दोन मजल्यांच्या मध्येच उघडू लागली, माणसं भिंतीत शिरू लागली, आणि शेवटी लिफ्ट छपरातून वर निघून गेली ती परत आलीच नाही. भिंगरीनं विचारलं, ‘‘घोडं कुठं अडलं?’’

‘‘अडलं असतं तर बरं झालं असतं,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘छप्पर फोडून गेलं की हो.’’

भिंगरी बाहेर जाऊन काचेतून पाहू लागली. डॉक्टरीणबाईंनी मोबाइल काढला.

दुसरा टॅक्सीवाला. त्याला चौथ्या मजल्याचा त्रास झाला. तिथं दार इतका वेळ उघडं राहत होतं की तो वैतागला. ‘‘बाकी ठिकाणी फटाफट आणि इथंच काय मुक्काम? प्रवासी चढले, आता निघा की राव.’’ दुसऱ्या टप्प्यात त्याचीही लिफ्ट छपरातून गेली. त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि दुसरा डाव सोडा, तो मॅडमची वाट पाहायलाही थांबला नाही.

तिसरी एक विद्यार्थिनी, चष्मेवाली, डोक्यानं तल्लख. तिनं न विचारता नेमकं बोट ठेवलं. ‘‘सगळ्यात वरच्या मजल्यावर ही निळ्या कोटातली बाई आहे ना, हिचं काहीतरी चुकलंय. बाकीचे उशीर झाला की चिडून जिन्यानं जातात. ही चिडतच नाही. कितीही वेळ ठेवा, उभीच. प्रोग्रॅममध्ये गडबड राहिली असणार.’’ मग तिनंही त्या बाईला खाली आणलं, दुसरा टप्पा लागला, पुढे काय झालं ते सांगायला नको. चष्मेवालीनं काचेतून दिसेल असा भला मोठा आळस दिला.

निकाल स्वच्छ होता. इतका स्वच्छ की भिंगरीला हायसं वाटायला हवं होतं. निदान घासाघीस करायला जागा नव्हती. प्रत्यक्षात तिनं कपाटाची किल्ली काढली आणि परत खिशात टाकली.

आणि नेमके तेव्हाच बाबा आले. बोलावलं नव्हतं. शर्टाला कडक इस्त्री, केस ओले करून बसवलेले. वय झालेली माणसं समारंभाला निघावी तसे.

‘‘बाबा, टिकला नाही,’’ भिंगरीनं सांगून टाकलं. असली गोष्ट घोळवत बसलं की ती आणखी कडू होते.

बाबा खुर्चीत बसले. ‘‘दुसऱ्या टप्प्यात ना?’’

‘‘तुम्हाला ठाऊक होतं?’’

‘‘पोती परत आली तेव्हा कळलं.’’

इतक्या वर्षांचा राग मग एकदम वर आला. ‘‘मीटरचा काटा केसभर हलला तर ज्याला जेवण जात नाही असा माणूस तुम्ही. आणि अर्धा खेळ न तपासता देऊन टाकलात?’’

‘‘मी तपासून उपयोग नव्हता. मीच केलेला. कुठं पाय टाकायचा नाही ते मला माहीत. माझं घोडं कधी अडलंच नसतं.’’ बाबांनी समोरची बटणं चाचपली. ‘‘तपासणारी एकच होती. ती दुसऱ्या टप्प्यात कधी गेलीच नाही.’’

भिंगरीला काही कळेना. मग बाबांनी सांगितलं, तेही मीटरचे आकडे सांगावे तसं. सगळी माणसं इमारतीतून बाहेर पडली की पहिला टप्पा संपतो. भिंगरी सगळ्यांना उतरवायची. निळ्या कोटातल्या बाईला नाही. आईचा तसा कोट होता, म्हणून ती आई. खाली आणली तर ती दारातून बाहेर जाणार, म्हणून आणायची नाही. वर ठेवली तर ती चिडून जिन्यानं जाणार. एकदा ती गेली, आणि भिंगरी त्या दिवशी जेवली नाही.

‘‘मग मी तिचं चिडणं काढून टाकलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘त्यानंतर तुझं छान चाललं होतं. तिला वर ठेवायचीस, बाकीच्यांना उतरवायचीस, आणि इमारत रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून, असं दिवसभर.’’

‘‘आणि चौथ्या मजल्यावरचं दार?’’

‘‘तिथं गर्दी व्हायची. खालच्या बटणावरून दाराच्या बटणावर जायला तुझ्या बोटांना वेळ लागे. एकच हात होता तुला.’’

डावीकडच्या बटणांचं तिनं विचारलं नाही. एकेक तक्रार आता तिच्या डोळ्यांपुढे आपसूक उलगडत होती. डॉक्टरीणबाईंचं घोडं जिथं अडलं ते तिचं प्लास्टर होतं, टॅक्सीवाल्याचं जिथं अडलं ती तिची बोटं होती. बाबा शेजारी पेन्सिल घेऊन बसत आणि पडद्याकडे बघत, असं ती आजवर समजत आली होती. पडद्याकडे बघून बटणांची जागा कळत नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते.

‘‘दुसऱ्या कुणाला बसवायचं होतं ना बाबा. शेजारच्यांना, ऑफिसातल्यांना.’’

‘‘मशीन एक, खुर्ची एक. तुला उठवावं लागलं असतं.’’ त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. ‘‘कंपनीची घाई होती. म्हटलं, देऊन टाकू. आई परत आली की ही बाईला खाली आणेल, मग पुढचं सावकाश बघू. आई आली, आणि तू बाहेर खेळायला पळालीस. बरंच झालं ते.’’

भिंगरीला रडू आलं. तिनं ते फारसं लपवलं नाही, आणि बाबांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आईला जाऊन आता काही वर्षं झाली होती.

मग ती मशीनपुढे बसली. उजवा हात धडधाकट असताना तिनं तो मांडीवर ठेवला आणि डावा बटणांवर. डोक्यातून कधीच पुसलेला खेळ हाताला मात्र पाठ होता. चौथ्या मजल्यावर दार जेवढा वेळ उघडं राहिलं, नेमका तेवढाच वेळ तिच्या बोटांना लागला. एकेक करून सगळी माणसं उतरली. इमारत रिकामी झाली आणि वर निळ्या कोटातली बाई तेवढी उरली. भिंगरीनं लिफ्ट वर नेली. बाई आत आली. भिंगरीचं बोट बटणावर जरा रेंगाळलं, मग तिनं ते दाबलं. तळमजल्यावर दार उघडलं. बाई बाहेर पडली आणि पडद्याच्या कडेपर्यंत चालत जाऊन दिसेनाशी झाली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तसं बाबांनी लिहिलेलंच नव्हतं.

दुसरा टप्पा भिंगरीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दारं भलतीकडे उघडली, माणसं भिंतीत शिरली, आणि लिफ्ट छपरातून निघून गेली.

बाबांनी खुर्ची जवळ ओढली. खिशातून पेन्सिल काढली, संग्रहालयाचं तिकीट उलटं करून गुडघ्यावर ठेवलं.

‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘घोडं कुठं अडलं?’’

तिनं आधी डोळे पुसले. मग तिनं सगळं रीतसर सांगितलं, पहिलं दार कुठं चुकलं, पहिला माणूस कुठल्या भिंतीत गेला. बाबा लिहीत गेले. तिकीट भरलं तसे म्हणाले, ‘‘परत लाव बघू.’’

तिनं परत लावला. दाराच्या काचेतून मघापासून बघत असलेल्या दुरुस्तीवाल्यानं हळूच डोकं आत घातलं. ‘‘मॅडम, हा दुसरा डाव झाला. टिकला म्हणू का?’’

‘‘नाही,’’ भिंगरी मान न वळवता म्हणाली. ‘‘मला धरायचं नाही. मी हा खेळ आधी पाहिलाय. कपाटातच लागेल.’’

बाबांनी मान हलवली. ‘‘बरोबर आहे.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘आज नाही ना लावत?’’

‘‘आज नाही. उद्या,’’ ती म्हणाली, आणि खालच्या मजल्यावरची माणसं घ्यायला निघाली. वरची बाई थांबली असती.