कोरडेबाबांचं पाणी

कोरडेबाबांच्या लॅपटॉपदुरुस्तीच्या दुकानात सत्तेचाळीस माणसं होती आणि खुर्च्या बारा. छताला दोन पंखे, त्यांतला एक चालू. मधोमध तांदळाने भरलेली लांबलचक लाकडी पेटी आणि तिच्यात नऊ लॅपटॉप पुरलेले. प्रत्येकाच्या उशाशी मालकाच्या नावाची चिठ्ठी काडीला खोचून उभी केलेली, त्यामुळे पेटी छोट्या दफनभूमीसारखी दिसत होती. पेटीतून नऊ वायरी बाहेर येऊन भिंतीवरच्या एका विजेच्या पट्टीत घुसल्या होत्या. अत्तराची फवारणी आतापर्यंत तीनदा झाली होती. उदबत्ती, मेणबत्ती, दिवा मात्र एकही नव्हता.

मामीबरोबर आलेल्या भाचीने हे सगळं मोजलं, कारण मोजणं हीच तिची नोकरी होती. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रोज चाळीस बाटल्या तिच्या हाताखालून जायच्या. शेजारी मामी पांढरी काठी गुडघ्यांत धरून बसली होती. मामीला जन्मापासून दिसत नव्हतं. अंधशाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी ती गणिताचं पुस्तक ब्रेलमध्ये उतरवत होती. सहा महिन्यांचं ते काम तिच्या बोलणाऱ्या लॅपटॉपमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. सोमवारी सकाळी त्या लॅपटॉपवर कपभर चहा सांडला, दूधसाखरेसकट. शुक्रवारी फाइली छापखान्यात पोहोचल्या नाहीत, तर मुलांना पुस्तकाविना परीक्षेला बसावं लागणार होतं. आज बुधवार होता, आणि मामीचा लॅपटॉप पेटीत डावीकडून चौथा होता.

"मामी, मागून घेऊ या आपण. प्रत्येक तासाला आत गंज वाढतोय."

"सात दिवस म्हणालेत ते."

"शुक्रवार परवा आहे!"

"मोजता मलाही येतं गं. पण शेजारणीच्या जावयाचा लॅपटॉप इथेच उठला म्हणे. बुडत्याला काडीचा आधार. इथे तर अख्खी पेटी आहे."

तेवढ्यात गर्दीत कुजबूज झाली आणि कोरडेबाबा प्रकटले. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, गळ्यात माळेसारखी गुंडाळलेली चार्जरची वायर, आणि चेहऱ्यावर असं स्मित की जणू जगातली सगळी यंत्रं त्यांच्याच मांडीवर वाढली होती.

"यंत्र मरत नसतं, मंडळी. यंत्र रुसतं!" बाबांनी सुरुवात केली. "पाणी हा शत्रू नव्हे, तो पाहुणा आहे. पाहुण्याला हाकलायचं का? छे! त्याला प्रेमाने निरोप द्यायचा. म्हणून सात दिवस तांदळाच्या कुशीत. चार्जर काढायचा नाही, त्यातच प्राणज्योत आहे. झाकण उघडायचं नाही. आणि संशय घ्यायचा नाही. संशय म्हणजेच गंज!"

"वा!" सत्तेचाळीसपैकी चाळीसेक माणसं म्हणाली.

"बाबा, माझा नाही उठला," कोपऱ्यातला न्हावी चाचरत म्हणाला.

"मध्येच डोकावलात?"

"पाचव्या दिवशी... जरासं."

"हं," बाबा म्हणाले. गर्दीनेही "हं" केलं. न्हावी शरमेने खुर्चीत दीड वीत खचला.

मग मुख्य खेळ. बाबांनी स्वतःचा लॅपटॉप मांडला, त्यावर गाणं लावलं आणि काचेच्या चंबूतून पेलाभर पाणी सरळ बटणांवर ओतलं. एक बाई किंचाळली. गाणं मात्र अडखळलं नाही. बाबांनी डोळे मिटून ओठ हलवले, वरून अत्तराची चौथी फवारणी केली, आणि काही मिनिटांत बटणं कोरडी ठणठणीत.

"पाहुणा गेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतली मामी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ओतताना उडालेले शिंतोडे तिच्या मनगटावर पडले होते, आणि ती मनगट नाकाशी धरून बसली होती.

"ए पोरी, हे पाणी इतकं गार कसं? आणि वास बघ. सुई टोचायच्या आधी नर्स कापूस फिरवते ना, तसा."

"अत्तराचा असेल, मामी."

"अत्तर वरच्या मजल्यावर राहतंय. मी तळमजल्याचं बोलतेय."

भाचीने वास घेतला आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बुवा आहे, भक्त आहेत, आणि एक उदबत्ती नाही! का असेल? ती उभी राहिली.

"बाबा, माझ्या बाटलीत नळाचं पाणी आहे. तेवढं ओतून दाखवता?"

"नळाच्या पाण्यावर संस्कार नसतात, बाळ."

"मग तुमचं संस्कारी पाणी तपासते." तिने पिशवीतून पेनाएवढं मीटर काढलं आणि कुणी अडवायच्या आत चंबूत बुडवलं. आकडा आला शून्य. मग स्वतःच्या बाटलीत बुडवलं. चारशे बारा. "नळाच्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून यंत्र बिघडतं. बाबांच्या पाण्यातून ती वाहतच नाही."

"तुझ्या खेळण्यावर कोण विश्वास ठेवणार?" एक निवृत्त कारकून उसळले. "चार बुकं शिकलात की देवमाणसांच्या अंगावर येता! खाली बस!"

"बस खाली!" आणखी दहा-बारा आवाज उठले. कुणीतरी तिचा दंड धरला.

"बरं, मीटर राहू दे. मीठ तरी सगळ्यांच्या ओळखीचं आहे ना?"

समोरच्या खानावळीची मालकीण उठली. तिचाही लॅपटॉप पेटीत होता, उजवीकडून दुसरा. ती रस्ता ओलांडून मिठाची बरणी घेऊन आली. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात बाबांचं. दोन्हींत चिमूट चिमूट मीठ टाकून तिने चमचा फिरवला. पहिल्यातलं मीठ बघता बघता दिसेनासं झालं. दुसऱ्यातलं वाळूसारखं तळाशी बसून राहिलं. तिने पुन्हा ढवळलं. मीठ गोल फिरलं आणि पुन्हा बसलं.

"चाळीस वर्षं पाण्यात मीठ टाकतेय मी. इतकं हट्टी मीठ पहिल्यांदाच पाहिलं!"

"श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"कुणाची? मिठाची?"

सगळं दुकान हसलं. न्हाव्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

"हे पाणीच नाही," भाची म्हणाली. "हे शुद्ध स्पिरिट आहे. ते चटकन उडून जातं, म्हणून हाताला गार लागतं. ठिणगी पडली तर भडकेल, म्हणून इथे उदबत्ती नाही. वास झाकायला अत्तर. आणि खरी गंमत पुढेच आहे. दुरुस्तीवाले ओलं सर्किट उघडून याच स्पिरिटने धुतात. म्हणजे बाबांकडे औषध होतं! ते त्यांनी स्वतःच्या धडधाकट लॅपटॉपला पाजलं आणि आजारी होते त्यांना तांदळात पुरलं."

"मग माझा कसा उठला?" एका शिक्षकाने विचारलं.

"काय सांडलं होतं, सर?"

"पाणी. चार थेंब."

"तो घरी टेबलावर ठेवला असता तरी उठला असता. उठला की तांदळाची पुण्याई, नाही उठला की तुमचा संशय! परीक्षेत पास झालेल्यांचेच पेपर मोजले, तर कुठल्याही शाळेचा निकाल शंभर टक्केच लागेल."

बाबांनी अत्तराची बाटली उचलली, पण ती रिकामी झाली होती. "मला ध्यानाला बसायचंय," म्हणत ते मागच्या दाराने निघून गेले. ध्यानाला जाताना त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.

लोक पेटीवर तुटून पडले.

"थांबा!" भाची ओरडली. "आधी भिंतीवरचं बटण बंद करा! ओल्या यंत्रात वीज सोडणं हाच खरा घात. लॅपटॉपवर काही सांडलं की ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, पालथा ठेवा आणि त्याच दिवशी उघडून धुणाऱ्याकडे न्या. तांदूळ आतलं दूध आणि साखर ओढून घेत नाही. आणि चमत्कार दिसला की दोनच प्रश्न विचारा. ओतलंत ते काय आहे? आणि माझ्या बाटलीतलं ओताल का? हे विचारल्याने कुठल्याही देवाला राग येत नाही. ज्याला येतो, त्याची मागच्या दाराची वाट ठरलेली असते."

मामीचा लॅपटॉप पुढच्याच गल्लीतल्या दुरुस्तीवालीने उघडला. आत चहाचा चिकट थर होता आणि तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवा गंज चढला होता. तीन दिवसांच्या प्राणज्योतीने सर्किट जाळून टाकलं होतं.

"हे गेलं," दुरुस्तीवाली म्हणाली. "वीज चालू ठेवा असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगणाऱ्याला काय दोष द्यायचा? ऐकणारी मी," मामी म्हणाली. "आतलं पुस्तक?"

"डिस्क वेगळी असते, मावशी. धुऊन बघते."

तिने डिस्क काढली, स्पिरिटने धुतली, वाळवली आणि दुसऱ्या यंत्राला जोडली. मामी काठी दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती. भाची एकेक फाइल उघडत गेली आणि कागदावर रेघा ओढत गेली. मग तिने आकडे मोठ्याने वाचले.

एकूण फाइली तीनशे सतरा. उघडल्या तीनशे नऊ.

"आठच ना? शुक्रवारच्या आत पुन्हा उतरवते," मामी म्हणाली.