गामोसची पंगत

दिगंबर मास्तरांचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. निंबोला गावातल्या त्यांच्या घरापुढे मांडव पडला होता, केळीची पानं धुऊन मांडली होती, चुलाणावर वरण रटरटत होतं, आणि पंगतीला माणूस म्हणाल तर एक नाही. मास्तर वेशीपर्यंत जात, रस्ता पाहत, परत येत आणि आचाऱ्यावर उगाच खेकसत.

गावाचं म्हणणं, काहीही केलं तरी हा पाटच. नवरा खुद्द मास्तर, बिनलग्नाचे; नवरी सोजर विधवा. पहिला नवरा प्लेगात गेलेला. विधवेचं लग्न होत नाही, पाट लागतो. तोही अंधार पडल्यावर, गावाबाहेर, ना वाजंत्री ना जेवण. नवरा बिनलग्नाचा असला तर आधी त्याचं लग्न रुईशी लावायचं, म्हणजे रुई पहिली बायको आणि विधवा दुसरी. मास्तरांचा सगळा राग त्या रुईवर होता. सोजरला जन्मभर एका झुडपाची सवत म्हणवून घ्यायला लावणं त्यांच्याने होणार नव्हतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका शब्दापायी. बुऱ्हाणपुरात इतवारा मोहल्ल्यातली आपली शाळा सुटली की मास्तर एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना मराठी शिकवायला जात. साहेबांना ग्रीकचं भारी वेड. लग्नाला ग्रीक लोक गामोस म्हणतात, असं ते एकदा सांगू लागले. शब्द मुळात कुठला यावर पंडितांची भांडणं आहेत. आपल्या जामाताशी त्याचं नातं लावणारेही आहेत. पण लग्न म्हणजे गामोस आणि लग्नाचं जेवण म्हणजेही गामोसच. कुमारिकेला एक शब्द आणि विधवेला दुसरा, असलं काही नाही. अथेन्स शहरात नवरा भाऊबंदांना जेवू घाली, आणि पुढे कज्जा झाला तर तीच साक्ष धरत : हिच्या लग्नाचं आम्ही जेवलोय, ही त्याची खरी बायको.

म्हणून मास्तरांनी रुई नाकारली, दिवसाढवळ्या पदराची गाठ बांधून घेतली आणि गावाला जेवायला बोलावलं. भाऊबंद जेवले तर लग्न, नाही तर पाट, अशी गाठ त्यांनी मनाशीही बांधली होती.

दुपार कलल्यावर कडू पाटील आले. त्यांनी पानांकडे पाहिलं, मास्तरांच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट पहिल्या पानावर बसले. मग काय, आडोशाला थांबलेले सगळे भाऊबंद बाहेर आले. तूप वाढताना मास्तरांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

पंगत उठली तसे मास्तर तोऱ्यात आत गेले आणि सोजरला गामोसची सगळी कथा सांगून मोकळे झाले. ती ऐकून सोजरने विचारलं,

"तिथं बायाबी जेवत व्हत्या का?"

साहेब भाऊबंदांबद्दल बोलले होते. बायांचं विचारायचं मास्तरांना सुचलंच नव्हतं.

"गडी जेवले," सोजर म्हणाली. "म्हंजे लगन तुमचं झालं. माझं कव्हा?"

खरंच, मांडवात एकही बाई फिरकली नव्हती. पाट लागलेल्या बाईचं तोंड त्या दिवशी सवाष्णीने पाहायचं नसतं. खुद्द मास्तरांची आई, मथुराबाई, सकाळपासून भिंतीकडे तोंड करून उपाशी बसली होती. मास्तरांनी तिच्यापुढे हात जोडले.

"तिचा राग नाही रे मला," ती म्हणाली. "पण तोंड पाह्यलं अन् तुझ्या बापाचं काही बरंवाईट झालं तर?"

तेवढ्यात सोजर दोन पानं घेऊन आली. एक तिने मागूनच मथुराबाईपुढे सरकवलं, दुसरं उलट्या बाजूला मांडलं आणि सासूच्या पाठीला पाठ लावून खाली बसली.

"तोंड नका पाहू, आत्याबाई. माझ्यासंग जेवा."

मास्तर वरणाचं भांडं घेऊन आले आणि अवघडून उभे राहिले. मग मथुराबाईने भिंतीकडे पाहतच पानावर पाणी शिंपडलं आणि हाताने पुसून घेतलं.

"उभा काय राह्यला?" ती लेकाला म्हणाली. "आधी तिला वाढ."