लोहपारव्याचा बाप

"बाप मेलाच पाहिजे!" वकील सलूनच्या खुर्चीच्या हातावर थाप मारत ओरडला. "बाप जगला तर गोष्टच संपली!"

सलूनवाले काका कोपऱ्यात चहा उकळत होते. त्यांनी मान वर केली नाही. नवा सिनेमा आल्यापासून दर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दुकानात हा बाप मरत होता आणि पुन्हा जिवंत होत होता. चहा मात्र प्रत्येक वेळी काकांनाच करावा लागत होता.

हा बाप कोणाचा, तर लोहपारव्याचा. लोहपारवा म्हणजे चित्रकथेतला वीर. लोखंडी पंख लावून शहरावर घिरट्या घालायच्या आणि उंचावरून पडणारी माणसं वरच्या वर झेलायची, हा त्याचा धंदा. मूळ कथेत त्याचा बाप पूल बांधणारा कामगार असतो. पूल कोसळतो, बाप खाली गाडला जातो, आणि पोरगा त्याच पुलाचं लोखंड वितळवून पंख घडवतो. चाहत्यांना हे पाढ्यासारखं पाठ. आणि नव्या सिनेमात काय केलं? बाप वाचवला! पाय गमावून घरी बसलेला बाप स्वतःच्या हातांनी पोराला पंख करून देतो. झालं, आगीत तेल पडलं.

"पंख करून देतो म्हणे! शाळेचा डबा आहे का तो, बापाने भरून द्यायला?" वकील म्हणाला.

हा वकील काही खरा वकील नव्हे. मोबाइलच्या दुकानात विक्रीचं काम करायचा, पण तोंड असं की शाळेतच हे नाव पडलं. समोरच्या बाकावर नर्स बसली होती. ही मात्र खरीच नर्स, ड्यूटी संपवून तशीच यायची. तिच्या शेजारी बेकरीत भट्टीवर काम करणारा मित्र, ज्याला सगळे भट्टीच म्हणत. त्याला नवा बाप चालत होता, जुनाही चालत होता, बिस्किटं संपली तर मात्र चालत नव्हतं.

बोलण्याची इथली एक रीत होती. ज्याला बोलायचं त्याने खुर्चीत बसायचं आणि गळ्याला केस कापायचं कापड बांधून घ्यायचं. कापड आहे तोवर तो बोलणार, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. चौघं एकदम बोलायला लागली की कोणाचं कोणाला ऐकू यायचं नाही, म्हणून काकांच्या लेकाने ही रीत पाडली होती. हो, तेव्हा चौघं होती.

लेक गेल्या वर्षी गेला. ताप आला, उतरला, पुन्हा चढला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. काकांची बायको तर आधीच गेलेली. त्यानंतरच्या सुट्टीला ही तिघं शटरपाशी येऊन चोरासारखी उभी राहिली. काकांनी शटर वर केलं, कापड झटकलं आणि म्हणाले, "या. बसा." तेव्हापासून ती येतच राहिली.

काकांना दुसरं काय होतं? गिऱ्हाइकं लेकाचं नाव काढायचं टाळत, शेजारी विषय बदलत. या एका दिवशी मात्र "तो असता तर असं म्हणाला असता" हे वाक्य हमखास कोणीतरी बोलायचं, आणि तेवढं ऐकायला काका सगळा आठवडा काढायचे. आपल्याला पोरांचं बोलणं कळावं म्हणून त्यांनी लेकाच्या पेटीतले लोहपारव्याचे अंक काढून वाचले. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. या वयात कोण करतो हो एवढं?

वकिलाने कापड सोडलं, तशी नर्स खुर्चीत जाऊन बसली.

"मी सिनेमा पाहिला," ती म्हणाली. "आणि रडले. तुम्ही न बघताच बोंबा मारताय. कोणीतरी चांगलं व्हायचं म्हणून दुसऱ्या कोणी मरायलाच हवं, हा कुठला न्याय? मी रोज माणसं जाताना बघते. मागे राहिलेल्यांतलं कोणी उडताना दिसलं नाही मला अजून."

काकांना ते मनोमन पटलं. दुःखाने माणसाला पंख फुटतात हे कोणी सांगितलं यांना? त्यांना तर काही फुटले नव्हते. दाढीचा साबण फेसताना हात मध्येच थांबायचा, गिऱ्हाईक "काका?" म्हणायचं, की हात पुन्हा चालू. बास, एवढंच करतं दुःख.

नर्सने कापड सोडलं, तसा वकील उसळला. "बघून आलीस? बहिष्कार टाकायचं ठरलं होतं ना आपलं? फितूर!"

"मी नव्हतं ठरवलं. तू ठरवलंस."

"मग राहू दे. ज्यांना जुना बाप मान्य आहे त्यांची बैठक मी माझ्या खोलीवर भरवीन. इथे पुन्हा पाऊल टाकणार नाही."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. वकील बोलला की करणारा, हे त्यांना ठाऊक होतं. तो गेला की भट्टी त्याच्या मागे जाणार, आणि एकटी नर्स म्हाताऱ्याच्या दुकानात कोणाशी भांडणार? पुढच्या सुट्टीला शटर वर करायचं कारणच उरणार नाही.

"अरे, चहा घ्या आधी," ते म्हणाले. "सिनेमावाल्यांच्या बापावरून तुम्ही कशाला डोकी फोडताय?"

"काकांनाच विचारू या," भट्टी म्हणाला. "तो असता तर कोणाच्या बाजूने असता? काका सांगतील ते शेवटचं."

वकील थांबला. "मान्य. काकांचा शब्द शेवटचा."

काका खुर्चीत बसले. सगळा जन्म या खुर्चीमागे उभं राहण्यात गेलेला. आरशात स्वतःचा चेहरा समोर आला आणि त्यांना अवघडल्यासारखं झालं. नर्सने कापड बांधलं.

"तो म्हणाला असता," काकांनी घसा खाकरला, "दोन्ही बाप आपापल्या जागी बरोबर आहेत."

वकिलाने नियम मोडला नाही, पण मान अशी हलवली की काका समजले. दोन्ही डगरींवर हात ठेवून आज भागणार नव्हतं. त्यांनी भराभर हिशेब केला. नर्स मायाळू, रुसली तरी येईल. वकील तापट, एकदा गेला की परत यायचा नाही. मग पटलेलं गिळून ते म्हणाले, "नाही, खरं सांगू? तो म्हणाला असता, बाप मेलाच पाहिजे. लोहपारवा जीव की प्राण होता त्याचा. त्यात कोणी ढवळाढवळ केलेली त्याला खपली नसती. बाप आहे मी त्याचा, मला ठाऊक आहे."

"काका, असं नका बोलू," नर्स म्हणाली. गळ्यात कापड असताना कोणी मध्ये बोलायची ही पहिलीच वेळ. तिचा चेहरा लाल झाला होता. "तो असं कधीच म्हणाला नसता. त्याला पारव्याचं काही पडलेलंच नव्हतं हो!"

"अगं ए!" भट्टी ओरडला.

जिंकलेला वकील खाली बघायला लागला. काकांनी आरशातूनच तिघांकडे पाहिलं. कोणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं.

"म्हणजे?"

नर्सने डोळे पुसले. "कंटाळला होता तो, काका. कधीचाच. आम्हाला चिडवायचा, घोडे झालात तरी कबुतरं काय उडवताय म्हणून."

पेटीत वरचे अंक प्लॅस्टिकच्या वेष्टनात जसेच्या तसे होते. लेकाने जिवापाड जपून ठेवलेत, म्हणून काकांनी ती वेष्टनं फोडली नव्हती, खालचे जुनेच अंक वाचले होते. ते त्याने कधी उघडलेच नव्हते तर.

"मग दर सुट्टीला इथे बसायचा कशाला?"

भट्टीने वकिलाकडे पाहिलं. शेवटी वकीलच बोलला, आणि इतक्या हळू की वाटावं हा दुसराच कोणी. "तुमच्यासाठी. काकू गेल्यावर तुम्ही सुट्टीला शटर ओढून आत नुसतेच बसायचात. तो म्हणाला, बाबांच्या कानावर माणसांचा आवाज पडू दे. तुम्ही या, भांडा, काय वाटेल ते करा. तुम्ही चहा ठेवलात, हसलात, की तो आम्हाला डोळ्याने खुणावायचा. बघा म्हणून."

"अरे देवा," काका म्हणाले. "मला वैताग यायचा रे तुमचा! डोकं उठायचं. सुट्टीच्या दिवशी कुठे चार घटका शांत बसावं, तर तुमचा गोंधळ. पण त्याला आवडतं, म्हणून मी..." दोघांनी एकमेकांसाठी तो गोंधळ सोसला होता, आणि घरात दोघंच असताना एकाने दुसऱ्याला तसं कधी म्हटलं नव्हतं.

"मग त्याला आवडायचं काय?" त्यांनी विचारलं. बापाने पोरांना विचारायचा प्रश्न का हा? पण विचारला.

"मासे धरणं," भट्टी म्हणाला. "म्हणजे, शिकायचं होतं त्याला. गावाबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसायचं, बोलायचं नाही, काही नाही. गळ माझ्याकडे आणून ठेवलेत त्याने. तुम्हाला एकदम नेऊन चकित करायचं म्हणत होता."

"मग नेलं का नाही?"

नर्सने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "तुम्हा दोघांना मोकळा दिवस एकच होता, काका. आणि त्या दिवशी आम्ही यायचो."

काकांनी मान हलवली. मग विचारलं, "गळ किती आहेत?"

"दोन."

लेक गेला त्या दिवशी काका भिंतीकडे तोंड करून रडले होते. आज ते या पोरांसमोर, आरशात स्वतःला बघत, मोठ्याने रडले.