घट्ट स्प्रिंग

मढच्या वाळूवर शूटिंगचं सामान वाहायला सहदेवने मोपेडच्या इंजिनावर जाड टायरची तीनचाकी बनवली होती. गिरणीतली नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. रविवारी गाडी सामानासकट शूटिंगच्या बंगल्यापर्यंतचा चढ चढली, तर मोसमभराचं काम त्याचं होतं.

नीला दिंडोशीला सहदेवच्याच कॉलनीत वरच्या मजल्यावर राहायची आणि कॉलेजात फिजिक्स शिकवायची. शनिवारी दुपारी मालनने, सहदेवच्या बायकोने, तिला गाडी बघायला खाली बोलावलं. आधी गाडी चढाला लागली की इंजिन बंद पडायचं. म्हणून सहदेवने क्लचला सर्वांत घट्ट स्प्रिंगा घातल्या. आता इंजिन नुसतं ओरडायचं, मग गाडी एकदम हिसका खायची आणि चाक वाळूत रुतायचं.

"रुतली तर ढकलायला मी आहेच," मालन म्हणाली.

सहदेव आणखी घट्ट स्प्रिंगा शोधत होता. गिरणीत साच्यावर, कापड विणायच्या मागावर, वीस वर्षं त्याने तेच केलं होतं: क्लच निसटला की स्प्रिंग आवळायची.

"बाई, स्प्रिंग घट्ट तर पकड घट्ट. ह्या माका कोणी शिकवूक नको."

नीलाने वाद घातला नाही. त्याला क्लचचं झाकण काढायला सांगितलं आणि आतले शू, म्हणजे पकड घेणारे वाकडे तुकडे, बोटाने बाहेर ओढले. सोडताच ते मागे गेले.

"यांना आत कोण ओढतं, सहदेवभाऊ?"

"स्प्रिंग."

"मग बाहेर जाऊन पकडतं कोण?"

त्याने स्वतः एक शू ओढून सोडला, मग बोट हवेत गोल फिरवलं. शेवटी म्हणाला, "फिरणं. जोरात फिरलं की शू बाहेर फेकले जातात. म्हणजे इथे स्प्रिंग पकडत नाही. थांबवून धरते."

मऊ स्प्रिंग शूंना लवकर सोडते, तेव्हा इंजिनात जोर आलेला नसतो, म्हणून ते बंद पडतं. घट्ट स्प्रिंग फार उशिरा सोडते, म्हणून हिसका बसतो. हे त्यानेच बोलून काढलं. नीलाने सहदेवच्या सुट्या स्प्रिंगांच्या डब्यातली एकेक स्प्रिंग खिळ्याला अडकवली, खाली एकच वजन टांगून पट्टीने ताण मोजला आणि सारख्या ताणाच्या तीन मधल्या स्प्रिंगा बाजूला काढल्या. सहदेवने त्या बसवल्या. घट्ट स्प्रिंगा मात्र त्याने गुपचूप खिशात टाकल्या. वीस वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही.

रविवारी चढाच्या पायथ्याशी इंजिनाचा आवाज वाढला. सहदेवचा हात खिशाकडे गेला. तेवढ्यात गाडी हलली, हिसका न देता, आणि दिव्यांचे स्टँड घेऊन सावकाश वर निघाली. ढकलायला पदर खोचून आलेली मालन मागून रिकाम्या हातांनी चालत राहिली.