हुकमाची भाकरी

ज्ञानदेवनं चतकोर भाकरी खाऊन ताट सारलं. धुरपदानं ते आपल्याकडे ओढलं आणि उरलेली पावणेदोन भाकरी, मेथी, आमटी मुकाट्यानं संपवली. बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायचं, ही मांडवगणातल्या त्या घरची रीत. आणि ताटात टाकलेलं अन्न सासूला, शेवंताबाईला, खपत नसे.

सत्त्याण्णव सालची ती सुट्टी. लग्नाला दीड वर्ष झालेलं. लडाखच्या उंच लष्करी ठाण्यावर सहा महिने काढून तो आला तेव्हा सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लोंबत होता.

आठ दिवसांत धुरपदाच्या बांगड्या हातात रुतायला लागल्या. शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं शेवंताबाई म्हणाली, "ल्योक वाळतोय, आन् सूनबाई बाळसं धरतीया."

टोमणा तिनं गिळला. सल निराळाच होता. आपल्या हातचं याला गोड लागत नाही, म्हणजे आपणच गोड लागत नाही. तिनं पुरण घातलं, मासवडी केली. मासवडीच्या रश्श्याचा वास आला तसा तो उठून अंगणातच गेला.

पाण्याचा तांब्या घेऊन ती मागोमाग गेली. "माझ्या हाताला चव नसंल तर सांगा. मी जाते केडगावला, माहेरी."

तो बाजेवर मान खाली घालून बसला होता. "तुझा हात कशाला? तिथं वर भूकच मरती. अन्नाकडं बघवत न्हाई. त्यात मला जुलाब लागलं. सायब समोर उभं राहून खायला लावायचं. न्हाई खाल्लं तर अंगच अंगाला खातं, म्हणायचं." त्यानं तांब्या हातात घेतला. "डॉक्टर म्हणला, पोट इसरलंय. खाली गेल्यावर हळूहळू आठवंल."

"मग हितं सायब कोण?"

"तू हो की."

दुसऱ्या दिवसापासून दर दोन तासांनी ती वाटी घेऊन उभी. कधी कण्यांची पेज, कधी ताकातला मऊ भात. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "जवान, खा." शेवंताबाई पदराआड हसायची. पुढं धुरपदाला दोन पोरं झाली, पण इतक्या हौसेनं तिनं त्यांनाही भरवलं नाही. त्या सुट्टीत तो खायचा, पण हुकमानं. आपणहून कधी मागितलं नाही.

सुट्टी सरली. झेलम गाडीसाठी तिघं दौंडला आली. गाडीला उशीर होता. पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेला ज्ञानदेव एकाएकी म्हणाला, "भूक लागली गं."

धुरपदानं दोन दिवसांची शिदोरी तिथंच सोडली. तो दशमीमागून दशमी खात गेला, शेंगदाण्याच्या चटणीनं बोटं माखली.

"आगं, वाटंला काय ऱ्हाईल?" म्हणत शेवंताबाई फडकं बांधायला वाकली. धुरपदानं तिचा हात धरला. सासूचा हात असा तिनं पहिल्यांदाच धरला होता.

गाडी हलली. वाटेत त्याला पुन्हा भूक लागणार होती आणि जवळ काहीच उरलं नव्हतं. शेवटचा डबा दिसेनासा होईतो धुरपदा हात हलवत राहिली.