दोघींचा उंबरठा

भर दुपारी एसीने एक लांब उसासा टाकला आणि तो गप्प झाला. मग बसऱ्यातला जुलै खिडकीच्या फटीतून हळूच आत आला आणि गादीवर मांडी ठोकून बसला.

निबरास तान्ह्या तीबाच्या टाळूवर बोट ठेवून होती. सकाळी टाळू सपाट होती. आता बोट जरासं खाली जात होतं, की नुसतं तसं वाटत होतं? तीबा दोन घोट ओढायची आणि दमून डोळे मिटायची. नवरा तेलविहिरींवर कामाला, त्याची पाळी संपायला अवकाश. एसीवाला म्हणाला, "उद्या, अल्लाची मर्जी असेल तर." डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "थंड खोलीत न्या. पाजत राहा."

थंड खोली भिंतीपलीकडेच होती. भिंतीला गाल टेकवला की मैसूनच्या एसीची गुणगुण ऐकू यायची, दूर नदीवर होडी चालावी तशी. पण मैसूनही ओली बाळंतीण. चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत एक बाळंतीण दुसरीकडे गेली, तर जिच्याकडे ती जाते तिचा पान्हा आटतो, असं अख्खी गल्ली मानायची.

सासूबाई गारव्यासाठी खिडकीतल्या काट्यांच्या ताटीवर पाणी मारत होत्या. ओल्या काट्यांचा हिरवा वास खोलीत तरंगत होता.

"अम्मा, तुम्हीच हिला घेऊन जा ना."

"आणि पाजेल कोण? मी? माझं दूध आटून जमाना झाला, पोरी!"

"मग मी जाते. मी कुठे मानते असलं काही?"

"मानत नाहीस ना? मग केव्हाची दारात चपला घालून का उभी आहेस?"

निबरासने पायातल्या चपलांकडे पाहिलं. कॉलेजात शिकलेलं सगळं त्या उन्हात विरघळल्यासारखं झालं होतं. खरंच मैसूनचं दूध आटलं तर? तिच्या पोराने काय करायचं? हातातली तीबा मात्र रडतही नव्हती, आणि तेच तिला सहन होईना.

अम्मांनी तांब्या ठेवला आणि भिंतीवर थाप मारली. "मैसून! पोराला घे आणि गल्लीत ये!"

"या उन्हात, खाला?"

"ये म्हणते ना! तू घरात असलीस तर ही तुझ्याकडे आल्यासारखी होईल. दोघी बाहेरून एकदम आत शिरा. मग कुणी कुणाकडे गेलंच नाही!"

गल्ली पांढरीफटक पडली होती. अबायाखाली बाळं झाकून दोघी मैसूनच्या दाराशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"उजवा पाय," अम्मा म्हणाल्या.

दोघी दारात अडकल्या.

"मी रुंद झालेय, खाला, दार नाही!"

"मग खेकड्यासारख्या आडव्या व्हा! पण बरोबरच!"

हसत, धडपडत दोघी एका दमात आत पडल्या. दार लागलं. गारवा अंगावरून पाण्यासारखा वाहू लागला. निळे पडदे हलले आणि निबरासला वाटलं, खोलीच संथपणे प्रवाहाला लागली आहे.

तिने तीबाला छातीशी धरलं. समोर मैसूननेही पोराला घेतलं. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या, चोरून मात्र बघत होत्या. तीबाचे ओठ नुसते टेकलेले होते. निबरासने श्वास रोखला.

मग छातीत ओळखीची कळ आली. तीबाने एकदा ओढलं, थांबली, पुन्हा ओढलं. गटक. गटक. जरा वेळाने समोरूनही तसाच आवाज आला. मैसूनने डोळे मिटले.

मागोमाग आत आलेल्या अम्मा दारापाशी बसल्या बसल्याच पेंगल्या होत्या. "जाताना पण बरोबरच निघा," त्या झोपेत पुटपुटल्या.

निघायची मात्र कुणालाच घाई नव्हती.